सोडलेल्या बॉलचा हिशेब

आमच्या पुण्याच्या टीमचा क्लायंट बॉस्टनचा. कॉलवर बोलायला काहीतरी विषय हवा म्हणून मी बेसबॉल बघायला लागलो. सुरुवातीला फक्त होमरनसाठी. चार बॉल स्ट्राइक झोनच्या बाहेर पडले आणि बॅटर चालत फर्स्ट बेसला गेला, की मी फोन बाजूला ठेवायचो. फुकटच्या 'वॉक'मध्ये काय बघायचं?

मग एका रात्री २००४ची ती मॅच बघितली. रेड सॉक्स यांकीजविरुद्ध सिरीजमध्ये ०-३ने मागे. नवव्या इनिंगला स्कोअर ३-४, समोर मारियानो रिवेरा. केविन मिलार हिरो व्हायला गेला नाही, त्याने वॉक घेतला. त्याच्या जागी धावायला आलेल्या डेव्ह रॉबर्ट्सने सेकंड बेस चोरला आणि पुढच्या हिटवर बरोबरी झाली. बॉस्टनने ती मॅच जिंकली, सिरीज जिंकली आणि १९१८नंतरची पहिली वर्ल्ड सिरीजही. सगळ्यांना ती चोरी आठवते. पण मिलारने बॉल सोडले नसते, तर चोरी करायला बेसवर होतं कोण?

गंमत म्हणजे बॅटिंग ॲव्हरेजमध्ये वॉक धरतच नाहीत. १९४१मध्ये टेड विल्यम्सचं ॲव्हरेज होतं .४०६. त्याचे १४७ वॉकही धरले, तर तो दर शंभरातल्या पंचावन्न वेळा बेसवर पोचत होता.

माझं अप्रेझलही बॅटिंग ॲव्हरेजसारखंच. किती तिकिटं क्लोज केली, एवढंच मोजतात. म्हणून मी येईल त्या बॉलवर बॅट फिरवायचो. एका शुक्रवारी रात्री 'एकच लाइन तर आहे' म्हणत टेस्ट न करता कोड लाइव्ह केला. पेमेंट्स चार तास बंद. माझ्यासोबत दोन ज्युनियर पहाटेपर्यंत जागे.

गेल्या महिन्यात पुन्हा शुक्रवार, पुन्हा एकच लाइन. मी म्हटलं, "सोमवारी करू." मॅनेजर गप्प झाले. मला घाम फुटला, कारण दोन स्ट्राइकनंतर सोडलेला बॉल झोनमध्ये पडला तर बॅट न हलवताच आउट होतो माणूस.

त्या रात्री काहीच झालं नाही. सगळे वेळेवर झोपले. याची नोंद कुठल्याही शीटमध्ये नाही, म्हणून इथे करून ठेवतोय.