उजीची वही

नैरोबी शहराच्या मध्यभागापासून जेमतेम पाच किलोमीटरवर किबेरा ही विस्तीर्ण वस्ती आहे. मातीच्या भिंती, गंजलेले पत्रे, दारासमोरून वाहणारी उघडी गटारे आणि वस्तीच्या मधून गेलेले रेल्वेचे रूळ. मोम्बासा ते किसुमू ही रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात उभारली गेली, तेव्हा तीस हजारांहून अधिक हिंदी मजूर तेथे गेले होते. त्यांच्यामागून व्यापारीही गेले. स्वाहिलीत दुकानाला 'दुका' आणि पैशाला 'पेसा' म्हणतात.

चिरंजीव नोकरीनिमित्त नैरोबीत असल्याने तीन महिने तेथे राहण्याचा योग आला. त्या काळात आठवड्यातून चार दिवस मी किबेरातील एका बालवाडीत मदतीस जात असे. केनियात २००३ पासून सरकारी शाळांतील प्राथमिक शिक्षण निःशुल्क झाले. परंतु त्याहून लहान मुलांचा भार अशा वस्त्यांत बहुतांशी स्थानिक लोकांनी चालविलेल्या छोट्या शाळांवरच पडतो. आमची बालवाडी म्हणजे पत्र्याची एक खोली, चाळीस मुले आणि दोन शिक्षिका.

माझे काम साधे होते. मुलांचे हात धुवायचे, पेल्यांत उजी वाढायची आणि बाटल्यांची झाकणे मांडून अंक शिकवायचे. उजी म्हणजे मका-नाचणीच्या पिठाची पातळ पेज. कित्येक मुलांचा दिवसातला पहिला घास तोच असे. गणिताला तेथे 'हेसाबु' म्हणतात. हा शब्द ऐकून व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या मला फार आपुलकी वाटली.

थोरल्या शिक्षिकाबाईंपाशी एक जाड वही होती. प्रत्येक मुलामागे उजीचे रोज १० शिलिंग त्या घेत आणि न मिळाल्यास बाकी मांडून ठेवीत. बहुतेक मातांचे पोट धुण्याभांड्यांच्या रोजंदारीवर. काम मिळाले तर पैसे, नाही तर बाकी. मी एकदा विचारले, "सर्वांचे वर्षाचे पैसे मी भरले तर?" तेथे वडीलधाऱ्या स्त्रीला आदराने 'मामा' म्हणतात. त्या शांतपणे म्हणाल्या, "मामा, तुम्ही पुढच्या महिन्यात परत जाल. आज १० शिलिंग देणारी आई मला विचारते, उजी इतकी पातळ का? फुकट मिळाल्यावर ती विचारील का?"

हे उत्तर मला पटले, तरी त्या नियमाची दुसरी बाजूही लवकरच दिसली. बाकी वाढली म्हणून एका आईने लाजेने मुलाला घरीच ठेवले. झाकणे मोजण्यात सर्वांत तरबेज असलेला तो चार वर्षांचा मुलगा आठवडाभर आला नाही. शाळा सुटल्यावर शिक्षिकाबाई मला घेऊन त्याच्या घरी गेल्या. बाई त्या आईला म्हणाल्या, "बाकी लिहिण्यासाठी असते, मूल घरी बसविण्यासाठी नव्हे." दुसऱ्या दिवशी मुलगा आला. शनिवारी त्याच्या आईने बालवाडीची मोठी पातेली घासून दिली आणि वहीतील तिच्या नावापुढची रक्कम कमी झाली.

मग मी बाईंना विचारले, "आम्ही नेमके काय करावे?" उत्तर तयार होते. उजीचा खर्च वही भागवीत होती. पण खोलीचे भाडे भरताना शिक्षिकांचाच पगार दोन दोन महिने थांबत असे. चिरंजीवाने व त्याच्या तीन मित्रांनी ते भाडे आपल्याकडे घेतले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते मोबाइलवरून थेट घरमालकाला पोहोचते. मुलांना त्याची वार्ताही नाही.

आपल्या घराण्यांत दान देण्याची रीत जुनी आहे. देण्यापूर्वी समोरच्याची वही एकदा पाहावी, असे मला किबेराने शिकविले. कुठले ओझे आपण उचलायचे आणि कुठले त्याच्या स्वाभिमानासाठी त्याच्याकडेच राहू द्यायचे, हे तिथेच कळते.