आर्यनला काय लागलंय?

नगरहून पुण्याला खरेदीला निघालो, की आमच्या घरात पहिला प्रश्न असतो : गाडी कुठं लावायची? परवा मंडईजवळ एका फुलवाल्या मावशींना विचारलं. गजरा ओवता ओवता त्या म्हणाल्या, "आर्यनला लावा की!"

बाहेरच्या रखरखीत उन्हातून वाहनतळात शिरलो आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. पिक्चर सुरू झाल्यावर टॉकीजमध्ये शिरताना यायची, तशीच. क्षणभर वाटलं, आता कुणीतरी बॅटरी मारून खुर्ची दाखवेल.

आर्यन हे पुण्यातलं पहिलं कायमस्वरूपी चित्रपटगृह. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला १९१३ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी बापूसाहेब पाठकांनी आर्यन उभारलं. मुका सिनेमा बोलू लागला, तो याच्या डोळ्यांदेखत. १९८३ मध्ये ते बंद पडलं, पुढं पाडलं गेलं आणि त्या जागी हा वाहनतळ आला. मंडईच्या परिसरातल्या मिनर्व्हा टॉकीजचाही वाहनतळच झाला. पूर्वी लोक विचारायचे, "आर्यनला काय लागलंय?" तेव्हा पिक्चर लागायचा, आता गाडी लागते. महापालिकेच्या कागदावर वाहनतळाचं नाव वेगळं आहे. मावशींच्या तोंडी मात्र आर्यनच.

मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसचं नशीब थोर. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेल्या त्या नाट्यगृहात बालगंधर्व गायले. पुढं तिथं सिनेमा आला आणि १९९३ मध्ये दारांना कुलूप लागलं. तरी टॅक्सीवाले, हिरे व्यापारी त्या भागाला 'ऑपेरा हाऊस'च म्हणत राहिले. २०१६ साली रंगमंच पुन्हा उजळला, तेव्हा कुणाला नवा पत्ता सांगावा लागला नाही. लोकांनी तो जिभेवर जपून ठेवला होता.

आमच्या नगरात विशाल गणपतीची मिरवणूक माळीवाड्यातून निघून आशा टॉकीज चौकात येते. तिथला ढोल मी वडिलांच्या खांद्यावर बसून ऐकला आहे. चौकाला टॉकीजचं नाव का, हे तेव्हा विचारलं नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं.

गावाला गाड्या लावायला जागा लागते, हे मला मान्य आहे. मागणं एवढंच, की नाव पुसू नका. आणि पोराला "आर्यनला गाडी लावून ये" म्हणाल, तेव्हा हेही सांगा : पुण्यातल्या पहिल्या टॉकीजचा पडदा तिथं लागला होता.