जुन्या जेट स्कीचा सौदा

धाकटा भाऊ चौदा वर्षांनी कुवेतहून कायमचा परत आला, तेव्हा त्याच्याकडे दोन बॅगा होत्या आणि डोक्यात एक बेत होता. आपल्या किनाऱ्यावर जेट स्की चालवायची. आमचे गाव दापोली तालुक्यात, मुरूड-हर्णैच्या पट्ट्यात. सुट्टीच्या दिवशी पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी रस्ता भरून जातो. आजोबा जहाजावर खलाशी होते, अब्बा मरहूमही बोटीवर. धाकटा म्हणाला, "समुद्राने दोन पिढ्या पोसल्या, तिसरीला का नाही पोसणार?" अम्मींनी दुआ दिली आणि आम्हीही होकार दिला.

आपण अशा सगळ्याच गाड्यांना जेट स्की म्हणतो, पण ते कावासाकी कंपनीचे नाव आहे. यामाहाची ती वेव्हरनर. इंजिन खालून पाणी ओढते आणि मागून जोराने फेकते, त्या झोतावर गाडी पळते आणि त्या झोतावरच वळते. नवी घेणे आमच्या आवाक्याबाहेर होते. कर्ज काढून व्याज भरायचे नाही, हे घरात ठरलेलेच होते. म्हणून जुनी बघायची ठरली. धाकट्याची बचत आणि मुलीच्या शिक्षणासाठी आम्ही बाजूला ठेवलेले एक लाख, असा पैसा जमला. दरम्यान धाकटा गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत प्रशिक्षण घेऊन आला आणि मेरीटाईम बोर्डाच्या परवानगीच्या मागे लागला.

सप्टेंबर संपता संपता अलिबागच्या बाजूला एक गाडी असल्याचे कळले. पहाटे फज्रची नमाज पढून निघालो. वेसवीला फेरीबोटीतून खाडी ओलांडून बागमांडला, मग श्रीवर्धन, दिघीला पुन्हा फेरीबोट, आगरदांडा आणि तिथून जंजिऱ्याच्या मुरूडवरून पुढे. विकणारा गोड बोलणारा होता. चहा आला, खारी आली. गाडी ट्रेलरवर धुऊन-पुसून उभी होती. चार सिलिंडरची वेव्हरनर, मीटरवर 212 तास. आम्ही पडलो मास्तर लोक, त्यामुळे कागद मन लावून तपासले. आयातीचे कागद पाहिले, बुडावर कोरलेला नंबर कागदाशी अक्षर-अक्षर जुळवला. त्याने पाण्याचा पाइप जोडून दोन मिनिटे इंजिन चालू करून दाखवले. आवाज छान होता. "तेल कालच बदललंय," तो म्हणाला. आम्ही त्यावर खूश झालो. 4,75,000 रुपये मोजले आणि संध्याकाळी गाडी घेऊन परत फेरीबोटीवर चढलो.

दोन महिने धंदा बरा चालला. डिसेंबरच्या सुट्टीत एक दिवस किनाऱ्यापासून बरेच आत असताना इंजिनातून खडखड आली आणि गाडी बंद पडली. मागे एक पर्यटक आणि त्याची सात-आठ वर्षांची मुलगी. इंजिन बंद म्हणजे झोत बंद, मग हँडल कितीही फिरवा, गाडी वळत नाही. लाटा नेतील तिकडे ती जाते. लाइफ जॅकेट होती म्हणून धीर होता. हर्णैकडे परतणाऱ्या एका मच्छीमार होडीने दोर टाकून तिघांना ओढून आणले. ती मुलगी किनाऱ्यावर उतरल्यावरही बापाचा हात सोडत नव्हती. धाकटा त्या रात्री जेवला नाही.

बोटींची इंजिने दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने इंजिन उघडले. आत गंज, बेअरिंग खाल्लेले. त्याने सीटखालची पोकळी दाखवली. तिथे आतल्या बाजूने पाणी चढल्याची रेषा होती आणि वायरींच्या जोडांवर मिठाचा पांढरा थर. "ही गाडी मागे बुडालेली आहे. तुम्ही सीट उचलून बघितली नाही?" आम्ही गप्प राहिलो.

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "पाण्यातली वस्तू आहे मास्तर, पाणी लागणारच." शरीअतमध्ये लपवलेला ऐब निघाला तर माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. पण हक्क ऐकून घ्यायला समोरच्याने पुन्हा फोन तर उचलायला हवा! दुरुस्तीला 1,30,000 गेले.

आता आम्हाला काही गोष्टी कळतात. सीट उचलून आत हात घालून बघावे. तेलाच्या पट्टीवरचे तेल दुधाळ दिसले तर इंजिनात पाणी गेलेले आहे, आणि तेल कालच बदललेले असेल तर ते का बदलले हे विचारावे. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे, आकडे जवळपास सारखे हवेत. आतल्या पंख्याची पाती चेपलेली नाहीत ना, हे टॉर्च मारून बघावे. मिस्त्रीला सोबत न्यावे आणि गाडी पाण्यात उतरवून निदान अर्धा तास चालवावी. खाऱ्या पाण्यातून आल्यावर रोज गोड्या पाण्याने इंजिन धुवावे, त्यातही आधी इंजिन चालू करून मग पाणी सोडायचे, आणि बंद करताना आधी पाणी, मग इंजिन.

पण खरी परीक्षा पुढेच होती. मे महिन्यात धाकट्याला डॉल्फिन दाखवणाऱ्या होडीत भागी मिळत होती, म्हणून जेट स्की विकायचे ठरले. गुहागरकडचे दोन तरुण आले. एकाने सांगितले की आईचे दागिने मोडून पैसे आणलेत. त्यांनी गाडी पाहिली, आवाज ऐकला आणि 4,25,000 देतो म्हणाले. धाकटा आत येऊन हळूच म्हणाला, "भाई, इंजिन आता चांगलं आहे. त्यांनी विचारलं तर सांगू, नाहीतर आपण कशाला बोलायचं?"

खोटे बोलायचे तो म्हणत नव्हता. आम्हालाही क्षणभर तसेच वाटले. मुलीचे लाख रुपये त्यात होते. पण आम्ही वर्गात मुलांना तो प्रसंग किती वेळा सांगितला आहे! प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घालतात, बोटांना ओल लागते, आणि ते विकणाऱ्याला विचारतात की ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते. राशीवाल्यालाही तेव्हा कोणी काही विचारले नव्हते. अम्मी पडवीतून एवढेच म्हणाल्या, "त्या पोराच्या मागे पण कुणाची मुलगी बसेल."

आम्ही मिस्त्रीचे बिल आणि काढलेले गंजके भाग चहाच्या ट्रेशेजारी आणून ठेवले. मुलांनी पाहिले, आभार मानले आणि निघून गेले. धाकटा आमच्याशी तीन-चार दिवस धड बोलला नाही. होडीतली भागी हातची गेली. पावसाळाभर गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली.

सप्टेंबरमध्ये तीच मुले परत आली, या वेळी मिस्त्रीला घेऊन. 3,40,000 ला सौदा झाला. हिशेब केला तर तोटा मोठा आहे, आणि मुलीच्या खात्यातला खड्डा अजून भरायचा आहे. धाकटा सध्या दुसऱ्याच्या होडीवर पगारी कामाला आहे.

त्या दिवशी मिस्त्री गाडीजवळ वाकला, तेव्हा आम्ही पुढे होणार इतक्यात धाकट्याने स्वतःच सीट उचलली आणि पाण्याच्या त्या रेषेवर बोट ठेवले. "इथपर्यंत भरली होती," तो म्हणाला, "नीट बघून घ्या."