कोनाचे हातान दिलास?

विमानतळासाठी पनवेल तालुक्यातली दहा गावं हलली, त्यात आमचं जुनं उलवेही होतं. घर रिकामं करताना माळ्यावरून जे जे उतरलं ते ओटीवर मांडून आम्ही भावंडं बसलो. मर्फीचा रेडिओ, शेजारच्या काकांनी ठेवायला दिलेला रंगीत टीव्ही, दोन टेपरेकॉर्डर, कपलर तुटलेला मिक्सर. सगळं कधी ना कधी बिघडलेलं, पण टाकलं कुणीच नव्हतं. टाकायची सवयच घराला नव्हती.

बाबा मिठागरावर कामाला. त्यांनी रेडिओ घेतला तेव्हा पोस्टात परवाना काढावा लागे, दरवर्षी पैसे भरून पुस्तकात तिकिटं लावून आणावी लागत. एवढ्या सोपस्कारांनी घरात आलेल्या वस्तूला माणसासारखं सांभाळत. सेल उतरले की आई ते पत्र्यावर उन्हात ठेवायची. दुपारभर तापले की आणखी दोन दिवस बातम्या ऐकू येत. आवाज खरखरू लागला की बाबा रेडिओ धोतराच्या फडक्यात बांधून पनवेलला न्यायचे. मी सोबत. दुरुस्तीवाला मागचं झाकण काढायचा, ब्रशने धूळ झटकायचा आणि सुटलेल्या तारेला डाग द्यायचा. राळेचा तो गोडसर धूर आजही नाकात आहे. 1982 च्या एशियाडनंतर रंगीत टीव्हीची हवा झाली, आमच्याकडे आला तो कृष्णधवल, लाकडी शटरचा. त्याची पिक्चर ट्यूब गेली तेव्हा आतला सांगाडा दुरुस्तीवाल्याने सुट्या भागांसाठी ठेवून घेतला आणि खोक्यात आत्याच्या कोंबड्या राहायला गेल्या. कुठली वस्तू कुणाकडे गेली, हे आईला तोंडपाठ असे.

तेव्हा सगळंच चांगलं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. पुरते संपलेले सेल आम्ही पोरं दगडाने फोडायचो, आतली काळी कांडी काढून ओटीवर रेघा मारायचो. भुगा हाताला तसाच, आणि त्याच हाताने भाकरी. उरलेलं खाडीत. गेलेल्या ट्यूबलाइट बांधावर आपटायचो, नुसत्या आवाजासाठी. त्यात पारा असतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच खाडीतली चिंबोरी संध्याकाळी चुलीवर शिजायची. वर्षाला चार-सहा सेल, एखादी नळी. तेवढ्यावर निभावलं म्हणायचं.

आता तसं निभावणार नाही. 2018 मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली, जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाला, डिसेंबर 2025 पासून विमानं उडू लागली. मिठागरांच्या जागी टॉवर उभे आहेत आणि रोज कुणीतरी नवं राहायला येतं. नवा टीव्ही वर जातो, जुना जिन्याखाली येतो. फोनची बॅटरी आत चिकटवलेली, दुरुस्तीला न्यावा तर खर्च ऐकून माणूस नवाच घेतो. 2022 या एका वर्षात जगात 6.2 कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम 22 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे. बाकीचा कुठे गेला, याचं उत्तर मी डोळ्यांनी पाहिलंय.

घर सोडताना तो रंगीत टीव्ही आम्ही भंगारात दिला. चार दिवसांनी रस्त्याकडेच्या मोकळ्या प्लॉटवर ते खोकं ओळखू आलं. मानेकडून ट्यूब फोडून तांब्याची कॉइल काढून नेलेली, काचा गवतात पसरलेल्या. त्या काचेत शिसं असतं. पलीकडे तांब्यासाठी वायर जाळल्याचा काळा डाग होता. भंगारवाल्याचा मला राग नाही, पोटासाठी तो स्वतःच तो धूर छातीत घेतो. राग आला तो माझा. वस्तू दारातून गेली की माझा संबंध संपला, असं मी मानलं होतं.

ई-कचऱ्याचे नियम आपल्याकडे मे 2012 पासून आहेत. एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नव्या नियमांत 106 प्रकारच्या वस्तू येतात आणि पुनर्वापराची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे. पण ती साखळी माझ्या दारापासून सुरू होते. म्हणून आमच्या नव्या सोसायटीत वॉचमनच्या केबिनशेजारी आता ई-कचऱ्याचं एक पिंप आहे. फोन टाकण्याआधी त्यातलं सगळं पुसायचं, सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावायची. फुगलेली बॅटरी पिंपात नाही, ती वेगळी, आणि तिला टोचायचं नाही. काहीही फोडायचं नाही. नेणाऱ्याचं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत नाव आहे का, हे बघूनच माल द्यायचा, आणि पावती घ्यायचीच.

परवा पहिल्यांदा माल न्यायला गाडी आली. आमचे टेपरेकॉर्डर गेले, मिक्सर गेला. रेडिओ आईने दिला नाही. मी वर आलो तर तिचा पहिला प्रश्न, "कोनाचे हातान दिलास?"

मी पावती दाखवली. तिला वाचता येत नाही, म्हणून मोठ्याने वाचायला लावली: नाव, गाडीचा नंबर, वजन. वजन तिने दोनदा ऐकलं. मग पावतीची घडी घालून ती कपाटातल्या रेडिओच्या परवान्याच्या पुस्तकात ठेवली, शेवटच्या तिकिटाच्या पानाशी.