इंजिनाला पाणी

फर्स्ट इयरला निबंधात मी लिहिलं होतं, "माझे आजोबा इंजिनाला पाणी पाजायचे." सरांना ही प्रतिमा फार आवडली. घरी वाचून दाखवली तर आजोबा भडकले. "प्रतिमा कसली गे? खरंच पाजायचो!"

खानापूरकडे ते शेतातले पंपसेट दुरुस्त करायचे. इंजिन पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की स्वस्त रॉकेलवर घ्यायचं. पण लोड वाढला की रॉकेल आतल्या आत आपोआप भडकतं आणि इंजिन ठोके मारायला लागतं. मग आजोबा सलाईनच्या नळीतून कार्बुरेटरच्या तोंडाशी थेंब थेंब पाणी सोडायचे. पाणी काही जळत नाही. वाफ होताना ते आतली उष्णता खातं, ठोके थांबतात, इंजिन पुन्हा जोर धरतं. थेंब जास्त पडले की मात्र इंजिन बंद, वर शेतकऱ्याच्या शिव्या.

मला पटलं नव्हतंच. साहित्याची विद्यार्थिनी ना, साध्या बोलण्यातही आधी अलंकार शोधणार!

यंदा ट्रॅक्टरांच्या इतिहासात वाचलं: अमेरिकेतला रुमली ऑइलपुल १९१० पासून रॉकेलवर चालायचा, आणि त्याच्या कार्बुरेटरला पाणी सोडायची वेगळी सोयच होती. म्हणजे तीन वर्षं मी आजोबांना खोटं धरून बसले होते.

रविवारी मिस्साहून आल्यावर त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं वाचून दाखवलं. माफीचं वाक्य तयार होतं. ते ऐकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "थेंबांचं माप दिलंय काय त्यात?"

नव्हतं. मी वही आणायला उठले.