किमतीचा रिकामा रकाना

बँकेच्या नोकरीत तीन दशकांहून अधिक काळ मी कर्जाचे अर्ज तपासले. रकाना रिकामा दिसला की अर्ज परत पाठवायचा, ही सवय हाडीमाशी खिळलेली. म्हणूनच ऑक्टोबर २००७ मध्ये पुतण्याने संगणकावर दाखवलेला एक रिकामा रकाना माझ्या स्मरणात राहिला.

'रेडिओहेड' या इंग्लंडमधील वाद्यवृंदाचा एका मोठ्या कंपनीशी असलेला करार संपला होता. 'इन रेनबोज' हा नवा गीतसंग्रह त्यांनी १० ऑक्टोबर रोजी स्वतःच्या संकेतस्थळावर दिला. किंमत ग्राहकानेच लिहायची होती. पुतण्याने शून्य लिहिले. मी कौतुकाने त्याची पाठ थोपटली आणि म्हणालो, "अशा धंद्याला मी एक रुपयाही कर्ज दिले नसते."

दोन्ही बाबतींत मी चुकलो होतो.

पुढील वर्षी त्यांच्या गीतांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेने माहिती दिली, की बहुतेकांनी काहीच दिले नव्हते. तरीही सीडी दुकानात येण्यापूर्वीच या संग्रहाने आधीच्या संग्रहाच्या एकूण कमाईपेक्षा अधिक पैसा मिळवला होता. व्यापारी वाचकांना यातील मर्म सहज कळेल. सीडीचा, वाहतुकीचा, दुकानदाराच्या कमिशनचा खर्च नव्हता. प्रत फुकट गेली तरी गोदामातील माल घटत नव्हता. शिवाय निस्सीम चाहत्यांसाठी ४० पौंडांचा खास संच होता. अर्थात, अनेक वर्षांची पत त्यांच्या पाठीशी होती. नवख्या कलावंताला हे साधेलच असे नाही.

दुसरी चूक उमगायला फार वर्षे लागली. गेल्या हिवाळ्यात एका तरुण गायिकेच्या मैफलीला आम्ही दोघे गेलो. तिकीट नव्हते, दाराशी 'स्वेच्छामूल्य' लिहिलेला डबा होता. पुतण्याने पन्नासची नोट काढली आणि हसून म्हणाला, "काका, शून्यापेक्षा बरे ना?"

मी ओशाळलो. तबलावादक, संवादिनीवादक, सभागृहाचे भाडे आणि तिची वर्षानुवर्षांची तालीम यांचा हिशेब मनाशी मांडला आणि पाचशेची नोट डब्यात टाकली. त्याने पन्नासचीच टाकली. मी त्याला काही बोललो नाही; तो अधिकार मी २००७ मध्येच गमावला होता.

मोल ठरवण्याची मुभा आपल्याला मिळते, तेव्हा घरातील मुले आपल्याकडे पाहत असतात. एवढे मला तेव्हा कळायला हवे होते.