सोपाऱ्याच्या वाटेवरील सावली

नालासोपारा स्टेशनाबाहेरील गर्दी ओलांडून पश्चिमेस निर्मळच्या वाटेला लागलें, तरी आपण प्राचीन शूर्पारक बंदराच्या भूमीवरून चाललों आहों याची खूण लवकर पटत नाहीं. पुढें मात्र केळीच्या बागा, बावखलें आणि चिंचांची गर्द छाया दिसूं लागते, आणि वसईच्या हिरवेपणाची कीर्ति सार्थ वाटते.

याच सोपाऱ्यास १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सांपडला. त्याच लेखमालेंतील दुसऱ्या लेखांत, माणसांच्या व पशूंच्या सोयीसाठीं वाटांवर विहिरी खणविल्या आणि झाडें लावविलीं, असा उल्लेख आहे. त्या लेखांच्या गांवीं रस्त्यासाठीं झाडें जावींत, याचा विषाद कोणा सुज्ञास होणार नाहीं?

तथापि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०११ च्या जनगणनेंतच वसई-विरारची वस्ती बारा लाखांवर गेली होती. २०१८ च्या जुलैंत येथील वस्त्या पाण्यांत बुडाल्या, तेव्हां गटारांची आवश्यकता कोणास पटवावी लागली नाहीं. रहिवाशांची तक्रार कामाविरुद्ध नसून कामाच्या रीतीविरुद्ध आहे. वाटेंत एक केळीवाली आम्हांस म्हणाली, "मास्तर, रस्ता झाला तें बरंच झालं, पण आतां टोपली ठेवूं कुठं?"

कुऱ्हाडीनें पडलेलें झाड निदान सर्वांस दिसतें. चराचा घाव मात्र दिसत नाहीं. झाडाचीं पाणी शोषणारीं बहुतेक मुळें जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेलीं असतात. गटारासाठीं खोडालगत चर खणला कीं एका बाजूचीं मुळें तुटतात. वर बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलें म्हणजे उरलेल्यांस हवा व पाणी मिळत नाहीं. मग आषाढाच्या वादळांत तें झाड कोसळतें आणि दोष वाऱ्याच्या माथीं जातो. दिल्लींत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१३ सालीं झाडांभोंवतीं एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला, तो यासाठींच.

आपल्याकडेही नागरी भागांतील झाडांच्या रक्षणार्थ १९७५ चा कायदा आहे. तोडण्यापूर्वीं झाडावर सूचना लावावी आणि लोकांच्या हरकती ऐकाव्या, असें तो सांगतो. २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें वा त्यांहून जुन्या झाडांस वारसावृक्ष मानलें, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकीं नवीं झाडें लावण्याचें बंधन घातलें. परंतु सूचना वाचणाराच नसेल तर हरकत कोण घेणार?

वसईकरांस संघटित प्रयत्न अपरिचित नाहीं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसईची चळवळ उभी राहिली, ती याच भूमीवर. आतां प्रत्येक आळींतील चार गृहस्थांनीं एवढेंच करावें: आपल्या रस्त्यावरील झाडें मोजून त्यांचीं नांवें, घेर व अंदाजी वय वहींत टिपून ठेवावें. काम निघतांच ती वही घेऊन जावें, आणि चर दोन हात बाजूस घेतां येईल काय, असें लेखी विचारावें. केळीवालीच्या टोपलीस सावली उरेल कीं नाहीं, तें बहुधा त्या दोन हातांवरच ठरेल.